आजी ‘एन्शंट’ होते तेव्हा

बारावीच्या निबंधांचा गठ्ठा तपासत होतो. विषय नेहमीचाच, ‘माझी आजी’. दहा-बारा आज्या वाचून झाल्यावर एका वहीत वाक्य भेटलं: ‘माय ग्रँडमदर इज ॲन एन्शंट लेडी.’ खाली लाल रेघ मारली, पण मुलगा हुशार होता, म्हणून दुसऱ्या दिवशी विचारलं, “हे कुठून आणलंस?”

“सर, ‘ओल्ड’ तीनदा आला होता. कॉम्प्युटरवर त्या शब्दावर राइट क्लिक केलं, तर यादी आली. त्यातला घेतला. अर्थ एकच आहे ना?”

“घरी आजीबद्दल सांगताना काय म्हणतोस? आमची आजी प्राचीन आहे?”

वर्ग हसला, तोही हसला. “नाही सर. म्हातारी म्हणतो.”

“आणि आजीचं लुगडं?”

“जुनं.”

“कालची भाकरी?”

“शिळी.”

“भेंडी?”

“जून.” मग स्वतःहून पुढे म्हणाला, “आणि लोणचं मुरलेलं.”

म्हणजे सगळं त्याला ठाऊक होतं. माणूस म्हातारा होतो, कापड जुनं होतं, भाकरी शिळी होते, देऊळ तेवढं प्राचीन असतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, स्वयंपाकघरात वावरताना कानावर पडून आलं होतं. फक्त हाच कान इंग्रजी लिहितानाही उघडा ठेवायचा असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजीतही माणूस ‘एल्डरली’, पाव ‘स्टेल’, मोटार ‘व्हिंटेज’, आजोबांचं घड्याळ ‘अँटिक’ आणि रोम शहर ‘एन्शंट’. ‘ओल्ड’ मात्र या सगळ्यांच्या घरी जाऊन-येऊन असतो. आणखी एक गंमत म्हणजे ‘ॲन ओल्ड फ्रेंड’ हा जुना मित्र, पंचविशीतलाही असू शकतो. ‘ॲन एल्डरली फ्रेंड’ म्हटलं की त्याच्या हातात काठी आली.

बाजारात शब्दसंपत्ती वाढवण्याची जी पुस्तकं मिळतात, त्यांची खोड त्या बरोबरीच्या चिन्हात आहे. बिग = लार्ज = ह्यूज = ग्रेट. गणितात चालेल. ‘बिग ब्रदर’ म्हणजे थोरला भाऊ, आणि ‘लार्ज ब्रदर’ म्हणजे ज्याला शर्ट मोठ्या मापाचा लागतो तो. चूक ‘बिग’ असते, ‘लार्ज’ नसते. या प्रकरणात बरोबरीचं चिन्ह कुठेही सापडणार नाही.

आधी हे शब्द इतके झाले कसे, ते पाहू. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंड जिंकून राजा झाला. दरबार, न्यायालय आणि श्रीमंतांचं जेवणघर फ्रेंच बोलू लागलं. शेतात आणि चुलीपाशी इंग्रजी राहिली. चर्चमध्ये आणि विद्वानांत लॅटिन होतीच. पुढच्या काही शतकांत या तिन्ही भाषा एकमेकींत मुरल्या, आणि एकेका गोष्टीला तीन-तीन नावं उरली. ‘आस्क’ जुनं इंग्रजी, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेलं, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधलं. आई मुलाला ‘आस्क’ करते, वकील साक्षीदाराला ‘क्वेश्चन’ करतो, पोलीस संशयिताला ‘इंटरॉगेट’ करतात. ‘किंगली’, ‘रॉयल’, ‘रीगल’ हे तसेच. ‘फायर’, ‘फ्लेम’, ‘कॉन्फ्लाग्रेशन’ही तसेच, शेवटच्याला तर अग्निशामक दलाशिवाय कुणी हात लावू नये. गोठ्यातली गाय ‘काउ’ आणि ताटातलं तिचं मांस ‘बीफ’, कळपातली मेंढी ‘शीप’ आणि ताटातली ‘मटन’, हेही याच मुरण्याचं फळ. तोच ‘मटन’ आपल्याकडे येऊन ‘मटण’ झाला आणि मेंढी सोडून बोकडाला चिकटला. त्यामुळे लंडनच्या खानावळीत मटण मागितलं की आपल्या जिभेची थोडी फसगत होते.

दोन भाषा शेजारी नांदल्या की लोक दोन्ही शब्द जोडूनच बोलू लागतात. इंग्रजी मृत्युपत्राला ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणतात. पहिला शब्द इंग्रजी, दुसरा लॅटिन, अर्थ जवळजवळ तोच. आता आपले शब्द पाहा. धनदौलत, बाजारहाट, रीतरिवाज, थट्टामस्करी. प्रत्येकात एक शब्द इथल्या मातीतला, दुसरा फारसी-अरबीतून आलेला. जे इंग्रजीत झालं ते आपल्याकडेही झालेलं आहे, म्हणूनच मराठी माणसाला इंग्रजी पर्यायशब्दांची ही भानगड खरं तर परकी वाटायला नको.

शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या वेळचा प्रकार तर फारच बोलका आहे. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राजव्यवहारकोश’ तयार झाला. अष्टप्रधानांची नावं बदलली: मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती आणि पेशव्याचा पंतप्रधान. आता ‘पेशवा’ आणि ‘पंतप्रधान’ हे कागदोपत्री शुद्ध समानार्थी शब्द. पण पेशवा काही गेला नाही. दोघेही टिकले आणि दोघांनी कामं वाटून घेतली. आज पंतप्रधान दिल्लीत असतात आणि पेशवे म्हटलं की शनिवारवाडा डोळ्यांपुढे येतो. दोन शब्दांचा अर्थ अगदी एक असला, तर भाषा दोघांना फार काळ फुकट पोसत नाही. एकाला तरी वेगळं काम लावते.

या सगळ्या पसाऱ्याची मांडणी केली ती पीटर मार्क रोजे नावाच्या एका डॉक्टरने. जन्म १७७९, लंडनचा. वडील मूळचे जिनिव्हाचे. हा माणूस म्हणजे याद्यांचा वेडा. लॉगरिदमच्या मोजपट्टीत त्याने सुधारणा केली, कुंपणाच्या फटींतून पाहताना गाडीच्या चाकाचे आरे वाकडे का दिसतात यावर निबंध लिहिला, आणि वीस वर्षांहून अधिक काळ रॉयल सोसायटीचा सचिव म्हणून काम केलं. १८०५ साली त्याने स्वतःपुरती एक वही केली होती. तीत शब्द अकारविल्हे नव्हते, अर्थाच्या घराण्यांनुसार लावलेले होते. निवृत्तीनंतर त्याने ती वही पुन्हा हातात घेतली आणि १८५२ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, ‘थिसॉरस’ छापून काढला. एक हजार कल्पना, प्रत्येकीखाली तिचं शब्दकुटुंब, आणि विरुद्ध कल्पना शेजारच्या रकान्यात समोरासमोर. ‘थिसॉरस’ म्हणजे ग्रीकमध्ये खजिना. आपल्या ‘कोश’ या शब्दाचाही एक अर्थ तोच.

कल्पना जुनी होती, हे इथे सांगायलाच हवं. रोजेच्या कितीतरी शतकं आधी अमरसिंहाने ‘अमरकोश’ असाच विषयवार लावला होता. स्वर्ग, आकाश, दिशा, काळ, भूमी, नगर, डोंगर, वनस्पती अशी त्याची दालनं. फरक इतकाच की तो श्लोकांत होता आणि पाठशाळेतली पोरं तो घोकून पाठ करत.

रोजेच्या पुस्तकातली एक गोष्ट मात्र आपण विसरतो आणि मग आजी प्राचीन होते. त्या पुस्तकात अर्थ दिलेले नव्हते, नुसते शब्द होते. ते ज्याला इंग्रजी उत्तम येतं त्याच्यासाठी होतं, जिभेच्या टोकावर आलेला शब्द आठवावा म्हणून. ते होतं आठवणीचं पुस्तक, आणि आपण ते शिकायला घेतो. कॉम्प्युटरची यादीही त्याच वंशातली. अनोळखी गावात शिरून पहिल्या दिसलेल्या माणसाला ‘मामा’ म्हणावं, तसं त्या यादीतून शब्द उचलणं आहे. मामा निघेलही, पण भरवसा नाही.

मग शिकायचं कसं? मी मुलांना एकच रोजचा शब्द देतो आणि आठवडाभर त्याच्यामागे फिरायला लावतो. माझा आवडता शब्द ‘स्मेल’, कारण वासांच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघराचा हात कुणी धरू शकत नाही.

‘स्मेल’ म्हणजे वास. दोन्ही शब्द तसे तटस्थ. पण कुणी नुसतंच म्हणालं, “दुधाला वास येतोय,” तर आपण दूध ओतून देतो. इंग्रजीतही अगदी तसंच आहे. ‘द मिल्क स्मेल्स’ म्हटलं की दूध गेलं. चांगला वास असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. दोन परक्या भाषांनी नाक मुरडताना एकच युक्ती वापरावी याचं मला अजूनही नवल वाटतं. त्याहून पुढची पायरी ‘स्टिंक’. जुन्या इंग्रजीत या शब्दाला चांगलाही वास येत असे. पुढे तो नासला, आणि आता त्याला फक्त घाणच येते.

‘फ्रेग्रन्स’ फुलांचा, उदबत्तीचा, साबणाच्या जाहिरातीचा. ‘अरोमा’ चुलीकडचा: दळलेली कॉफी, भाजलेला मसाला, भट्टीतून निघालेला पाव. मोगऱ्याला ‘अरोमा’ म्हटलं तर कुणी फाशी देणार नाही, पण मोगरा फोडणीत पडल्यासारखं वाटेल. ‘सेंट’ हलका, मागे रेंगाळणारा; शिकारी कुत्रा जो माग काढतो तोही ‘सेंट’. आपण मात्र लग्नाला जाताना ‘सेंट मारतो’ आणि शब्दाचा सगळा हलकेपणा घालवतो. ‘ओडर’ हा कचेरीतला शब्द, सूचनांमध्ये आणि अहवालांत भेटणारा, बहुधा नाक थोडं वर केलेला. घरगुती गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मर्कॅप्टन मिसळतात. अशा द्रव्याला इंग्रजीत म्हणतात ‘ओडरंट’. त्या जागी ‘फ्रेग्रन्स’ लिहून पाहा म्हणजे फरक कळेल.

आता उलट दिशेने, मराठीकडून जाऊ. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना येतो तो कुबट वास: ‘मस्टी’. जुन्या खोबऱ्याला येतो तो खवट: ‘रॅन्सिड’. बंद खोलीतली कोंदट हवा: ‘स्टफी’. लसणाचा, हिंगाचा उग्र दर्प: ‘पंजंट’. चार शब्द झाले, आणि चारही अशा वासांना बांधलेले जे तुम्ही प्रत्यक्ष घेतलेले आहेत. हे विसरणं अवघड आहे. आणि ‘खमंग’? त्याला इंग्रजीत शब्द नाही. थालीपीठ उलथताना जे होतं त्यासाठी इंग्रज माणसाला दोन-तीन शब्द जुळवावे लागतात, तरी काम होत नाही.

पहिल्या पावसाच्या मातीचं तर विचारूच नका. त्या वासाला इंग्रजीत १९६४ पर्यंत स्वतःचं नाव नव्हतं. त्या साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात ‘पेट्रिकोर’ हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये ‘पेट्रा’ म्हणजे दगड आणि ‘इकोर’ म्हणजे देवांच्या धमन्यांतून वाहणारा द्रव. आपल्याकडे विंदा करंदीकरांचा ‘मृद्गंध’ हा कवितासंग्रह १९५४ साली छापून झाला होता.

दुसरा एक मार्ग आहे, तो मला उशिरा सापडला आणि म्हणून थोडा सविस्तर सांगतो. मराठी माणूस इंग्रजी लिहितो तेव्हा ‘वॉक्ड स्लोली’, ‘लाफ्ड लाउडली’ अशी वाक्यं फार येतात. चूक काहीच नाही, पण वाक्य ढिलं पडतं. याचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. मराठीत क्रियापद बहुधा साधं असतं आणि सगळा रंग त्याच्या आधीच्या शब्दात असतो. तुरुतुरु चालणं, दुडुदुडु धावणं, झपाझप चालणं, रमतगमत येणं. हसणं खुदकन असतं, खदखदून असतं, फिदीफिदी असतं, गालातल्या गालात असतं. इंग्रजी हा रंग क्रियापदाच्या पोटात भरते. ढांगा टाकत चालणं हे एकट्या ‘स्ट्राइड’मध्ये येतं. दमून पाय ओढत चालणं ‘ट्रज’, लंगडत चालणं ‘लिंप’, रमतगमत ‘सॉन्टर’, चवड्यांवर हळूच ‘टिपटो’, नुकतं चालू लागलेलं बाळ दुडुदुडु करतं ते ‘टॉडल’. म्हणून तर त्या वयाच्या मुलाला ‘टॉडलर’ म्हणतात. हसण्यात खिदळणं ‘गिगल’, मनाशीच दबकं हसणं ‘चकल’, दात दाखवून ‘ग्रिन’, दुसऱ्याची फजिती पाहून तोंडावर हात धरून ‘स्निगर’, छद्मी हसणं ‘स्मर्क’ आणि सात मजली हास्य ‘गफॉ’.

म्हणून इंग्रजी वाक्य लिहायच्या आधी ते मनात मराठीत म्हणावं आणि क्रियापदाच्या मागे उभा असलेला तो ‘झपाझप’ किंवा ‘फिदीफिदी’ हेरावा. बहुतेक वेळा त्याच्याच आड एक इंग्रजी क्रियापद दडलेलं असतं. एका मुलीने वर्गात विचारलं, “सर, मग भुरकणं?” ते मराठीतही एकाच शब्दात आहे: कढी भुरकावी, आमटी ओरपावी. इंग्रजीत दोन्हींना ‘स्लर्प’वर भागवावं लागतं. इथे आपण श्रीमंत.

शब्दाची रंगछटा कळली तरी शब्द बोलणाऱ्याबद्दल काय सांगतो, हे वेगळं राहतं. बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीवर एक गमतीची क्रियापद-चालवणी केली होती: तीच गोष्ट स्वतःबद्दल, समोरच्याबद्दल आणि तिसऱ्याबद्दल सांगताना विशेषण कसं घसरत जातं याची. आपल्या पद्धतीने करायची तर: मी काटकसरी, तुम्ही जरा हात आखडता घेता, आणि तो? कवडीचुंबक. इंग्रजीत अनुक्रमे ‘थ्रिफ्टी’, ‘टाइट-फिस्टेड’, ‘मायझर’. बारीक अंगाचंही तेच. लग्नाच्या जाहिरातीत मुलगी सडपातळ असते, ‘स्लिम’. शेलाटी म्हणजे ‘स्लेंडर’. नको असेल तर तीच किडकिडीत, ‘स्किनी’. वजनकाट्याला या तिघींत काहीच फरक दिसणार नाही.

मरणाच्या बाबतीत मराठी जितकी सावध असते तितकी क्वचितच कुठे असेल. शेजारचे आजोबा वारतात किंवा देवाघरी जातात, नेत्याचं निधन होतं, मुसलमान गृहस्थ पैगंबरवासी होतात, आणि सिनेमातला गुंड गचकतो. इंग्रजीत आजोबा ‘पास अवे’ होतात, गुंड ‘किक्स द बकेट’. आपल्याकडच्या इंग्रजीत मात्र ‘एक्स्पायर्ड’ फार चालतो. शब्दकोशात तो अर्थ आहे, औपचारिक म्हणून. पण इंग्लंडमधल्या रोजच्या बोलण्यात ‘एक्स्पायर’ होतं ते लायसन्स नाहीतर खोकल्याचं औषध. एकदा परदेशी मित्राला एका नातेवाइकाच्या जाण्याची बातमी मी याच शब्दात कळवली होती. त्याने उत्तर सभ्यपणे दिलं, पण आपल्या पत्रात तो शब्द टाळून ‘पास्ड अवे’ लिहिलं. मी ते मुकाट्याने शिकून घेतलं.

शब्दांना सोबतही ठरावीक लागते. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने हा मुद्दा लावून धरला; लंडनला नावारूपाला येण्याआधी तो १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता. शब्दाचा अर्थ बराचसा त्याच्या सोबत्यांवरून ठरतो, असं त्याचं म्हणणं. मराठी माणसाला हे पटवायला उदाहरणं शोधावी लागत नाहीत. पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं, काळोख मिट्ट, चहा कडक. यातला एकही जोडीदार बदलून पाहा. सोसाट्याचा चहा? इंग्रजीतही चहा ‘स्ट्राँग’च, ‘पॉवरफुल’ नाही. पाऊस ‘हेवी’, ताप ‘हाय’, थंडी ‘बायटिंग’, अंधार ‘पिच डार्क’. वहीत शब्द उतरवताना एकटा उतरवू नये. सोबत्यासकट उतरवला तर तोच पुढे रस्ता दाखवतो.

आणि एक इशारा, जो त्या बारावीच्या पोराला मी आधीच द्यायला हवा होता. शब्द पुन्हा आला म्हणजे काही पाप होत नाही. फाउलर बंधूंनी १९०६ मध्येच ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात, नुसती पुनरुक्ती टाळण्यासाठी शब्द बदलत राहण्याच्या खोडीला ‘एलिगंट व्हेरिएशन’ असं टोमण्याचं नाव दिलं होतं. पहिल्या ओळीत वाघ, दुसऱ्या ओळीत व्याघ्र, तिसरीत वनराज. वाचणारा बिचारा तीन जनावरं शोधत बसतो. शाळेत मात्र आपण मुलांना नेमकं हेच करायला लावतो, त्याबद्दल गुणही देतो.

आठवड्याने त्या मुलाने निबंध पुन्हा लिहून आणला. ‘एन्शंट लेडी’ गेली होती. तिच्या जागी आजीचं वय होतं, ७८, आणि ती अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते हे. तीन ‘ओल्ड’पैकी एकच उरला होता, आणि तो तिच्या लुगड्यांना लावलेला. त्या लुगड्यांची तिने गोधडी शिवली होती. गोधडीला येणाऱ्या वासाबद्दलचं वाक्य त्याने सुरू करून मध्येच जागा मोकळी सोडली होती.

“यादीत पाहिलं सर,” तो म्हणाला. “एकही बसत नाही.”

आम्ही दोघांनी थोडा वेळ डोकं खाजवलं. ‘फ्रेग्रन्स’ फार नटलेला, ‘ओडर’ दवाखान्यातला, ‘सेंट’ जवळ आला होता पण तोही नीट बसेना. शेवटी मी त्या मोकळ्या जागेत ‘स्मेल’ लिहिलं, पेन्सिलीने.